गिटारचा साज बदलताना: पिकगार्ड, नॉब आणि निकेल-क्रोमची कामं घरच्या घरी

अकरापैकी चार. ऑनलाइन मागवलेल्या माझ्या पहिल्या पिकगार्डची (तारांखाली गिटारच्या अंगावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या पाटीची) एवढीच भोकं गिटारच्या भोकांवर बसली. उरलेली सात कुठे अर्ध्या मिलिमीटरने, कुठे चांगली तीन मिलिमीटरने हुकलेली. जाहिरातीत ‘सर्व स्ट्रॅट गिटारना चालेल’ असं लिहिलेलं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवून स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसले होते. त्यानंतरच्या चार वर्षांत स्वतःच्या दोन आणि मैत्रिणींच्या तीन गिटारींचा साज बदलला. हा लेख पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, घेतली आहे, कारण आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा तिचाच कुठला तरी अवतार असतो. बाकीच्या गिटारींचा उल्लेख लागेल तिथे येईल.

सगळ्या गोंधळाचं मूळ आधीच सांगून टाकते. अमेरिकन गिटार इंचात बोलते आणि आशियातल्या कारखान्यात बनलेली मिलिमीटरमध्ये. आपले सुतारकाका ज्याला दोन सूत म्हणतात, तो पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. तिकडच्या कारखान्यात त्याच्या जागी सरळ ६ मिमी धरतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण नॉब बसवायला गेलं की लगेच कळतो.

१. आधी काय बदलायचं नाही ते ठरवा

या लेखात पिकगार्ड, नॉब, स्विचची टोपी, पिकअपची (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागांची) कव्हरं, मागची नेक प्लेट, जॅकची प्लेट, पट्ट्याची बटणं आणि स्क्रू एवढंच आहे. ब्रिज, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ट्यूनर हेही चकचकीत असतात, पण ते नुसते दागिने नाहीत, सूर त्यांच्यावर उभा असतो. ब्रिजच्या तारांमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरने बदललं तर तारा फ्रेटच्या कडेवरून घसरतात. पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका.

रंगसंगती कागदावर ठरवा. गिटारचा समोरून एक सरळ फोटो काढून प्रिंट मारा आणि स्केचपेनने रंगवून बघा. मला मोतिया गार्ड हवा होता. त्या मोतिया प्लास्टिकला तिकडचे वादक थट्टेने ‘मदर ऑफ टॉयलेट सीट’ म्हणतात, हे नंतर कळलं. लाल गिटारवर तो खरोखरच तसा दिसला.

एका गार्डने किती फरक पडतो हे बघायचं असेल, तर पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट आठवा. १९७० साली घेतलेल्या त्या गिटारवर आधी पांढरा गार्ड होता. १९७४ च्या सुमारास त्याने तो काढून काळा बसवला, आणि पुढे तेच तिचं रूप झालं. २०१९ मध्ये लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. गार्ड बदलल्याने तुमच्या गिटारची किंमत वाढणार नाही, हे ओघाने आलंच.

२. हाताशी काय हवं

- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. स्वस्तातला चालतो. यादीत एकच वस्तू घेणार असाल तर ही घ्या.
- फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर, १ आणि २ नंबरचे. लहान टोक मोठ्या खाचेत फिरवलं की स्क्रूचं डोकं खराब होतं.
- पॉटचे (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) नट काढायला बॉक्स पाना. पक्कड वापराल तर नट सुटेल, पण गार्डवर ओरखडा पडेल.
- मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल.
- २ मिमीचा ड्रिल बिट, टूथपिक, फेविकॉल.
- तांब्याची चिकटपट्टी.
- सोल्डरिंग आयर्न. साध्या अदलाबदलीत लागत नाही, पण एखादी तार निखळलीच तर असलेलं बरं.
- स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. प्रत्येक खणात एका जागेचे स्क्रू.

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला यातलं बरंचसं एका फेरीत मिळतं. परदेशातून सुटे भाग मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. दोन नॉबच्या पुडक्यावर नॉबपेक्षा टपालाचा आणि ड्यूटीचा खर्च जास्त झालेला मी पाहिला आहे.

३. मापं घ्या, फोटो काढा, मगच ऑर्डर द्या

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळे तोच गाळतात.

गार्डसाठी स्क्रू मोजा. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा तिचा गार्ड एकपदरी पांढरा होता आणि आठ स्क्रूंवर बसायचा. १९५९ पासून तीनपदरी, अकरा स्क्रूंचा आला. आज दोन्ही नमुने विकले जातात, त्यामुळे ‘स्ट्रॅटचा गार्ड’ एवढं सांगून भागत नाही. अकरा स्क्रू जुळले तरी जागा जुळतीलच असं नाही, ते माझं वर झालंच. नेक जिथे अंगाला मिळते तिथला गार्डचा काप बघा. २१ फ्रेट आणि २२ फ्रेटच्या नेकमध्ये तिथे फरक पडतो, कारण बाविसावा फ्रेट बहुधा गार्डच्या वर तरंगत असतो. पिकअपची मांडणीही बघा. तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे अरुंद पिकअप), की ब्रिजपाशी हमबकर (दोन वेटोळ्यांचा रुंद)?

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे जुना गार्ड काढून झेरॉक्सच्या दुकानात सपाट स्कॅनरवर स्कॅन करून घेणं. शेजारी पट्टी ठेवा. मोबाइलचा फोटो मापासाठी उपयोगाचा नाही, कडेला तो ताणला जातो. विक्रेत्याकडे त्याच्या गार्डचं भोकांमधलं अंतर मागा. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

४. तारा उतरवा

तारा पूर्ण सैल करा आणि काढा. स्ट्रॅटमध्ये मागे स्प्रिंगा असतात. तारांचा ताण गेला की त्या ब्रिजला अंगाकडे खेचतात. काही बिघडत नाही, पण ब्रिज तरंगता लावलेला असेल तर त्याच्याखाली घडी घातलेलं फडकं सरकवून ठेवा, म्हणजे परत सुरात आणताना अर्धा दिवस जाणार नाही.

गिटार जाड टॉवेलवर आडवी ठेवा. सतरंजीवर नको, निसटलेले स्क्रू तिच्या विणीत अडकतात.

५. पिकगार्ड

स्क्रू काढले की गार्ड लगेच ओढू नका. त्याच्या पोटाला पिकअप, पॉट, स्विच असं सगळं लटकलेलं असतं. दोन तारा जॅककडे जातात आणि एक बारीक तार मागच्या स्प्रिंगांच्या लोखंडी पंजाकडे. तीच अर्थिंगची. गार्ड हळूच उचलून पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा करा आणि आधी फोटो काढा. चार बाजूंनी, जवळून. मी एकदा दोनच काढले आणि नेमकी हवी ती तार दोन्हींत पिकअपच्या मागे लपलेली निघाली.

चांगली गोष्ट अशी, की नुसता गार्ड बदलायला डाख लावावा लागत नाही. पिकअपचे दोन-दोन स्क्रू, पॉटचे नट, स्विचचे दोन स्क्रू सोडवले की सगळा गोतावळा जोडलेल्या तारांसह जुन्या गार्डमधून निघतो आणि नव्यात बसतो. पिकअपच्या स्क्रूवर स्प्रिंग किंवा रबरी नळी असते. स्प्रिंग असेल तर बोट ठेवून सोडवा, नाहीतर ती कपाटाखाली जाते आणि तिथेच राहते. पॉटच्या भोकाचं मापही बघा. अमेरिकन पॉटची मान तीन सुतांची, म्हणजे ९.५ मिमी. छोट्या आशियाई पॉटची सात-आठ मिमी. मोठ्या भोकात छोटा पॉट डगडगतो, दोन्हीकडून वॉशर लावा.

आता भोकं. नवा गार्ड कोरडाच ठेवून बघा. एखादंच भोक केसभर हुकत असेल, तर गार्डचं भोक गोल काणशीने किंचित लांबट करा. लाकूड कमीत कमी छेडायचं. जास्त हुकत असेल तर जुनं भोक बुजवावं लागतं. टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, बसतील तेवढ्या, बाहेरचं टोक ब्लेडने सपाट कापा आणि रात्रभर वाळू द्या. मग २ मिमीच्या बिटने नवं भोक. बिटला टोकापासून साधारण १० मिमीवर मास्किंग टेपची झेंडी लावा, झेंडी लाकडाला टेकली की थांबा. स्क्रू पिळण्याआधी मेणबत्तीवर घासून घ्या, घट्ट लाकडातही अलगद जातो.

स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर शेवटचे दोन बसत नाहीत.

*स्वतः कापून घ्यायचा असेल तर:* नावाच्या पाट्या बनवणारे लेझरवाले अ‍ॅक्रिलिक छान कापून देतात. दोन सापळे आहेत. एक, अ‍ॅक्रिलिक सहसा ३ मिमीचं मिळतं, नेहमीचा तीनपदरी गार्ड साधारण २.३ मिमीचा असतो. तेवढ्यानेही बावीस फ्रेटच्या नेकखाली तो अडतो. शिवाय अ‍ॅक्रिलिक ठिसूळ, स्क्रू जास्त आवळला की भोकापासून तडा जातो. दोन, बाजारातले बहुतेक गार्ड पीव्हीसीचे असतात आणि पीव्हीसी लेझरवर कापायचं नसतं. त्यातून घातक, आम्लधर्मी वायू निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्रालाही. लेझरवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो शहाणा आहे.

६. गार्डच्या पोटाला पट्टी

नव्या गार्डवरची पारदर्शक फिल्म सोलली की कोरड्या हवेत वाजवताना चर्रचर्र आवाज येऊ शकतो. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. गार्डच्या मागे, पॉट आणि स्विचच्या भागात तांब्याची पट्टी लावा. पॉटची धातूची पाठ अर्थला जोडलेली असते आणि पॉट पट्टीला टेकतो, म्हणून वेगळी तार लागत नाही. स्वयंपाकघरातली फॉइल लावूनही काम होतं, पण तिला डाख धरत नाही आणि ती फाटते. पट्टीची कड स्विचच्या किंवा पॉटच्या जिवंत टोकाला लागू देऊ नका, गिटार पूर्ण गप्प होते.

७. नॉब: इंच आणि मिलिमीटरची खरी लढाई

जुना नॉब काढायला खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. गार्डला खड्डा पडतो आणि नॉबची कड उडते. बुटाची नाडी नॉबखालून एक वेढा घालून सरळ वर ओढा. बहुतेक वेळा टप्पकन येतो. बाजूला बारीक अ‍ॅलन स्क्रू दिसला तर मात्र आधी तो सैल करा.

मग पॉटचा दांडा बघा. तीन प्रकार:

- गुळगुळीत, भरीव दांडा. बाजूच्या स्क्रूने आवळणारा नॉब लागतो. अमेरिकन दांडा ६.३५ मिमी, मेट्रिक ६ मिमी.
- दाते असलेला, मध्ये चिरलेला, अमेरिकन मापाचा. दाते २४.
- तसाच, मेट्रिक. दाते १८.

मोबाइलवर झूम करून दाते मोजता येतात. वेळ घेऊन मोजा. चोवीसवाल्या दांड्यावर अठराचा नॉब दाबून बसवाल तर तो बसेल, आणि आठवड्याभरात उभा चिरेल. उलट केलं तर नॉब नुसता गरागरा फिरतो, आवाज तिथल्या तिथे. थोडासाच सैल असेल तर दांड्यावर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक-दीड वेढा गुंडाळून बघा. माझ्या दुसऱ्या गिटारवर गेली दोन वर्षं तेच चाललं आहे. चिरलेला दांडा पातळ पातं घालून फाकवण्याचा सल्ला खूप मिळतो. मी ते केलं आणि एक पाकळी हातात आली. पॉटच बदलावा लागला.

स्विचच्या टोपीचंही हेच. अमेरिकन स्विचचं पातं रुंद, आयात डबीवाल्या स्विचचं बारीक. मोजा आणि घ्या. लेस पॉलसारख्या गिटारीत टोपी आट्यांची असते आणि तिथेही दोन मापांच्या आट्या आहेत. दोन फेऱ्यांनंतर घट्ट झाली तर जोर लावू नका.

८. पिकअपची कव्हरं

सिंगल कॉइलची प्लास्टिकची टोपी नुसती वर सरकून निघते. आतली तार माणसाच्या केसाहून बारीक असते आणि तुटली की तो पिकअप गेला. टोपी मेणाने चिकटलेली असेल तर ओढू नका, सोडून द्या. घेण्याआधी पिकअपच्या सहा धातूच्या खांबांपैकी पहिल्याच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. ५२, ५० किंवा ४८ मिमी निघेल. एकाच गिटारच्या तीन पिकअपांत ते वेगवेगळंही असतं, म्हणून तिन्ही मोजा.

हमबकरवर धातूचं कव्हर चढवायचं असेल तर ते कशाचं आहे ते विचारा. चांगली कव्हरं निकेल सिल्व्हरची, म्हणजे आपण पूजेच्या ताटात बघतो त्या जर्मन सिल्व्हरची असतात. तांबं, निकेल, जस्त, चांदी औषधालाही नाही. स्वस्त कव्हरं पितळेवर मुलामा दिलेली असतात. पितळेतून वीज सहज वाहते, त्यामुळे पिकअपच्या बदलत्या चुंबकक्षेत कव्हरमध्ये भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि वरचे सूर बोथट करतात. पोलादी कव्हर त्याहून वाईट. फ्रिजचा चुंबक घेऊन दुकानात जा, घट्ट चिकटला तर परत ठेवा. हे कव्हर खाली डाखानेच पक्कं होतं आणि आत मेण भरलं नाही तर मोठ्या आवाजात शीळ घालतं. पहिल्या वेळी हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

९. धातूचे भाग, आणि तुळशीबागेतला किस्सा

निकेल आणि क्रोम एकत्र ठेवून बघा. निकेलमध्ये किंचित पिवळी ऊब असते आणि ते वर्षांत मंद होतं. क्रोम निळसर, थंड, आणि तसंच राहतं. दोन्ही मिसळले की काहीतरी चुकल्यासारखं दिसतं, पण काय ते कळत नाही. सोनेरी मुलामा फार पातळ असतो, मनगट टेकतं तिथे सहा महिन्यांत उडतो. घाम जास्त येत असेल तर घेऊच नका. घरी मुलामा देण्याचे व्हिडिओ बघून क्रोमच्या नादी लागू नका, त्याची रसायनं विषारी असतात. ते कारखान्याचं काम.

नेक प्लेट बदलणं सोपं आहे. चार स्क्रूंची नेहमीची प्लेट साधारण ५१ बाय ६४ मिमीची असते. तारा पूर्ण सैल हव्यात. चारही स्क्रू एकदम काढले तर नेक सुटते. तेव्हा ती गिटारच्या अंगातल्या खाचेत कशी बसली होती आणि खाली पातळ कागदाची पट्टी होती का, ते बघून ठेवा. ती पट्टी कचरा समजून फेकली तर तारांची उंची बदलते.

मला प्लेटवर नक्षी हवी होती. परदेशी दुकानांचे दर बघून ती कल्पना सोडणार होते, तेवढ्यात आजीच्या पितळी डब्यावरचं नाव दिसलं. तुळशीबागेत एका भांड्यांच्या दुकानात प्लेट घेऊन गेले. दुकानदाराने ती उलटसुलट केली.

“ताई, हे कशाचं झाकण?”

“गिटारच्या मागे लागतं.”

“बरं. नाव काय घालायचं? आणि खाली कुणाकडून?”

कुणाकडून नाही, म्हटलं, एक वेल काढा आणि मध्ये ‘सा’ लिहा. तो थोडा थांबला. मग मशीन घर्र करून चालू केलं आणि चार मिनिटांत हात न उचलता वेल काढली. अक्षर पूर्ण झाल्यावर त्याने विचारलंच, “पुढचे सूर नकोत?”

यातला सापळा असा, की कोरलं की वरचा मुलामा कापला जातो आणि खालचं पोलाद उघडं पडतं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या ‘सा’ला गंज चढला. बारीक ब्रशने गंज काढून वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले, त्यानंतर ठीक आहे. तुम्ही कोरल्या दिवशीच द्या.

स्क्रूंसाठी एकच सल्ला: कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल तर स्टेनलेसचे घ्या.

१०. जुनं दिसायला हवं असेल तर

पांढऱ्याफेक प्लास्टिकला जुनकट, सायीसारखा रंग आणायला बिनदुधाच्या कडक चहात भिजवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. आधी हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून चकाकी मारा, मग रात्रभर कोमट चहात ठेवा. फार अपेक्षा नकोत. माझ्या टोप्या पांढऱ्याच्या ‘कमी पांढऱ्या’ झाल्या, नॉब जवळजवळ तसेच राहिले. उकळत्या पाण्यात टाकाल तर वाकतील. सरळ जुन्या रंगाचे भाग विकत मिळतात, ते घेणं सोपं.

थिनर किंवा अ‍ॅसिटोन यातल्या कशालाही लावू नका. एबीएस आणि अ‍ॅक्रिलिक ही दोन्ही प्लास्टिकं विरघळतात, गिटारच्या रंगावर थेंब पडला तर तोही जातो.

११. बंद करण्याआधी तपासा

गार्ड दोनच स्क्रूंवर टेकवून गिटार अँपला जोडा, आवाज अगदी कमी. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपच्या खांबाला हलकं टोका. टक असा आवाज यायला हवा. स्विचच्या पाचही जागा, तिन्ही नॉब फिरवून बघा. घरघर येत असेल आणि ब्रिजला हात लावल्यावर कमी होत नसेल, तर स्प्रिंगांकडे जाणारी अर्थची तार गार्ड उलटताना निखळली आहे. माझी दोनदा निखळली. सगळं ठीक असेल तरच बाकीचे नऊ स्क्रू लावा.

तारा चढवल्यावर पिकअपची उंची नव्याने लावावी लागते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि खांबापासून तारेपर्यंत दोन ते अडीच मिमी ठेवून सुरुवात करा. जवळ नेलात तर चुंबक तार ओढतो आणि जाड तारेवर एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात.

काढलेले सगळे भाग, स्क्रूसकट, ठेवून द्या. गिटार विकायला काढलीत की घेणारा पहिला प्रश्न मूळ भागांचा विचारतो. माझे बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात आहेत, वर मॉडेलचं नाव आणि काढल्याची तारीख लिहून. तो न बसलेला पहिला गार्डही त्यातच आहे.